कठड्याचा नवा थर

विहिरीच्या कठड्यावर दोन रंगांचं सिमेंट दिसलं आणि माझा हात टेपवरच थांबला. खालचं काळपट, शेवाळलेलं होतं. वरचं हातभर पांढरट, अलीकडचं.

"हे कधी वाढवलं?" मी विहिरीच्या मालकीणबाईंना, सखूबाईंना विचारलं.

"झाली की चार वर्सं. वासरू पडलं होतं आत. दर साली येता मॅडम, आज दिसलं होय?"

भूजलाच्या अभ्यासात माझी पंचवीस वर्षं गेली. टेप कुठून सोडला ते आधी लिहा, असं विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. मी स्वतः मात्र काठावरून टेप सोडत राहिले. पाण्यापर्यंतचं अंतर हातभर वाढलेलं दिसलं, आणि पाणी तेवढं खाली गेलं असं चार वर्षं लिहीत राहिले. पाणी होतं तिथेच होतं, काठ वर आला होता. माझ्याच अहवालामुळे सखूबाईंना बोअरची परवानगी नाकारली गेली.

जमिनीखालचं दिसत नाही, म्हणून आम्ही वरची एक खूण धरतो आणि ती हलणार नाही असं गृहीत धरतो. अशा आणखी किती खुणा माझ्या वहीत हलल्या असतील?

टेप पुन्हा सोडला, या वेळी काळ्या सिमेंटपासून मोजलं. अंतर पाच वर्षांपूर्वीइतकंच भरलं.

"मग पाणी हाय म्हणून लिहून देता का?"

"देते."

"बसा, च्या टाकते."

"नको. अजून एकोणतीस विहिरींचे कठडे बघायचेत."