नाल्यातली संगीन

आमची कंपनी तेव्हा एलओसीवर एका नाल्याकाठी होती. रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज राहायचं, मग चहा, मग नाल्यातून पेट्रोल, म्हणजे गस्त. पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट. शाळेत भाषणाला बोलावलं की आमचे सरपंच कानात म्हणतात, "नाईकसाहेब, त्ये कासवाचं तेवढं वगळा. बरं दिसत न्हाई." का वगळू? आम्ही कासवं खाल्ली. भूक होती म्हणून खाल्ली.

नेवाशाजवळ उन्हाळ्यात प्रवरेचे नुसते डोह उरायचे. माझे वडील, आबा, चिखलात लोखंडी सळई घालत पुढे सरकायचे. मी मागोमाग. सळई तिरकी घालायची, हलक्या हातानं. सरळ दाबली की कासवाची पाठ फुटते, आणि मेलेलं कासव घरी नेईस्तोवर नासतं. दगडाला टणकन लागते, पाठीला लागली की बद्द आवाज येतो. आता कायद्यानं बंदी आहे, मी कासवाला हात लावत नाही. पण त्यावर वाढलो हे लपवायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

घोडेगावचा रफिक माझ्याच सेक्शनमध्ये होता. त्यांच्यात कासव चालत नाही. ऐकल्याबरोबर त्यानं तोंड वाकडं केलं आणि मला 'कासव्या' नाव ठेवलं. गावात या हाकेवरून मी मारामाऱ्या केल्या होत्या. पण हा पठ्ठ्या माझ्याच ताटात जेवायचा, मग त्याच्यावर कसला राग धरायचा!

एका आठवड्यात पाऊस फार झाला. वरच्या उतारावर पेरलेले माइन, म्हणजे प्लास्टिकचे सुरुंग, वाहून नाल्याच्या गाळात आले. गस्तीवरून परतताना रफिकचा पाय एकावर पडला. धूर बसला तेव्हा तो नाल्याच्या मधोमध पडलेला, डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

रेडिओवर कंपनी कमांडर आले.

"कोणी हलायचं नाही. सुरुंग काढायला इंजिनिअर पार्टी निघाली आहे. ओव्हर."

"साहेब, तोवर हा राहत नाही. मी जातोय. ओव्हर."

"निगेटिव्ह. ऑर्डर आहे ही. ओव्हर."

"शिक्षा परत आल्यावर घेईन, साहेब. आउट."

संगीन काढली आणि पोटावर झोपलो. तिरकी घालायची, हलक्या हातानं. टणकन वाजलं की पुढे. बद्द वाजलं की श्वास रोखायचा आणि बाजूनं वळसा घ्यायचा.

"कासव्या, मागं फिर! लई हायत हितं!"

"गप पड. पट्टा मांडीला आवळून धर."

पोहोचलो. पट्टा करकचून बांधला आणि आलो त्याच वाटेनं त्याला ओढत बाहेर काढला. हेलिपॅडच्या वाटेवर, गाडीत, माझ्या मांडीवर तो गेला. मी ओरडून रडलो. शिक्षा झाली, ती भोगली. आजही तेच करीन.

वाचला नाही, मग उपयोग काय, असं लोक विचारतात. त्यांनी घोडेगावला जाऊन त्याच्या अम्मीसमोर विचारावं. मी गेलो तेव्हा त्या माउलीनं एकच विचारलं.

"येकटा हुता का रं त्यो?"

"न्हाई, अम्मी. मी हुतो."