इरिओमोतेचा बिगोनिया आणि माझा आगाऊपणा

सासूबाईंना जपानात काहीच बघायचं नव्हतं. पुण्यातली सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, त्यांच्या गच्चीतल्या साठ कुंड्या, बिगोनियासकट, शेजारीपाजारी वाटल्या, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून त्यांनी मातीला हात लावलेला नाही. ओसाकाला आमच्याकडे आल्या तरी सोफा सोडेनात. शेवटी मी म्हटलं, "आई, इथे एका बेटावर बिगोनिया रानात उगवतो."

"रानात? आपोआप?"

मी तिकिटं काढली. नवऱ्याला ऑफिस होतं, ते असतंच.

ओसाकाहून इशिगाकीला थेट विमान, तिथून इरिओमोतेला पाऊण तास बोट. उत्तरेच्या बंदराची बोट लाटांमुळे सारखी रद्द होते, आमचीही झाली. दक्षिणेला उतरून बसने जा. शाकाहारी असाल तर डबा घ्या, नूडल्सच्या सूपमध्ये डुक्कर असतंच. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर निभावलं.

दुसऱ्या दिवशी आमची गाइड मियारा-सान हिने भाड्याचे गमबूट दिले आणि बजावलं, जंगलातलं एक पानही न्यायचं नाही. मी हे मराठीत सांगताना सासूबाईंकडे रोखून पाहिलं. लोकांच्या कुंपणातून फांद्या खुडण्यात त्यांचा हात कोथरूडभर प्रसिद्ध. त्यामुळे माझं लक्ष जंगलापेक्षा त्यांच्या पर्सवर होतं. तासभर चिखल तुडवल्यावर ओढ्याकाठच्या ओल्या खडकावर तो दिसला. एवढासा. पांढरी फुलं, आणि पानं अशी वाकडी की शिंप्याने डुलक्या काढत बेतली असावीत.

सासूबाई चिखलातच बसल्या. "एवढ्याशा मातीत कसा रे उभा राहिलास?" वर्षभरात त्या कोणाशी इतकं मायेने बोलल्या नव्हत्या. मला भरून आलं, आणि मी मूर्खपणा केला. मियारा-सान पुढे गेल्यावर एक पान देठासकट खुडलं. बिगोनिया पानापासूनही लागतो, हे सासूबाईंनीच शिकवलेलं.

"आई, तुमच्यासाठी."

"लाज नाही वाटत, मुग्धा?" हे कोणाकडून ऐकत होते मी! "माझ्या कुंड्या उठवल्या तेवढं पुरे. याला कशाला घराबाहेर काढतेस? सांग तिला."

मी मियारा-सानला हाक मारून कमरेत वाकून कबुली दिली. तिने पान घेऊन खडकाच्या बुडाशी ठेवलं. "लागेल कदाचित," एवढंच म्हणाली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहून परवानगी मागितली आणि दोन बोटांनी देठाभोवती माती दाबली.

घरी आल्यावर मी विचारलं, दुकानातला बिगोनिया आणू का? "नको, मी महिन्याने जाणार, तुझ्या हातून तो जगायचा नाही. मातीची पिशवी आण, मेथी पेरते. जायच्या आत एक भाजी निघेल."

आज सकाळपासून त्या बाल्कनीत आहेत. आत्ता तशाच, नखांत माती घेऊन, कणीक मळायला आल्या. मी परात त्यांच्यापुढे सरकवली.