हनीफभाईंचा आवाज डिलीट करणाऱ्यांना

ही पोस्ट मी चाळीस दिवस टाळली.

हनीफभाई गेल्याचं कळलं त्या दिवशी लिहायला बसलो होतो. तेवढ्यात दिवेआगरच्या एका लॉजचं रंगकाम मिळालं. मग मित्राची बाईक अलिबागला पोचवायची होती. मग असंच.

आज त्यांचा चाळिसावा दिवस. म्हसळ्याला त्यांच्या घरी फातेहा आहे, त्यांच्यासाठी दुवा. मी आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या फेरीची वाट बघतोय. आता पळायला जागा नाही. समोर पाणी, मागे भजीवाला.

(भजी बेकार आहे. असो.)

तर, प्रोग्रामिंग ग्रुपच्या थोर मंडळींनो. ग्रुपच्या डीपीवर मेणबत्ती लावलीत. ‘वुई लॉस्ट फॅमिली’ लिहिलंत. खाली दोनशे हात जोडले गेले.

फॅमिली?

फॅमिलीला लाथ घालून बाहेर कोणी काढलं होतं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हनीफभाई कुवेतला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होते. किडनी गेली, म्हसळ्याला परत आले. पलंगावर बसून आमच्यासारख्या नवशिक्यांचे प्रश्न सोडवायचे. हात थरथरायचे, टाइप होत नसे. म्हणून व्हॉइस नोट. आणि तीही आपल्या मराठीत.

मी त्यांना कधी भेटलो नाही. फक्त ऐकलं.

मी आयटीआय अर्धवट सोडलेला. मला समुद्राच्या भरतीची वेळ सांगणारं अ‍ॅप करायचं होतं. मोबाइलचं नाही, कॉम्प्युटरचं. कारण मुरुडला मामाच्या मच्छीमार सोसायटीत एक म्हातारा कॉम्प्युटर आहे आणि नेट नाही.

हिशेब आपल्याकडे पोराटोरांना येतो. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता. मी कोडमध्ये तिथी गुणिले कंसात तीन भागिले चार लिहिलं. बटण दाबलं.

शून्य.

पंचमीला शून्य. अष्टमीला शून्य. वर्षभर भरती रोज रात्री बारा वाजता.

मामा स्क्रीनकडे बघून म्हणाला, “आरं, चंद्राची बदली झाली काय? कुठं गेला, मंत्रालयात?”

मी स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. तुम्ही काय केलंत आठवतंय?

“ब्रो, समुद्र डाऊन आहे, रिस्टार्ट कर.”

“तिथी? हे कुठल्या लायब्ररीत येतं?”

आणि आमचा अ‍ॅडमिन तन्मय, पुण्याचा, डीपीत गॉगल: “फर्स्ट लर्न इंग्लिश, देन कोडिंग.”

सत्तर लोक हसले. उत्तर एकालाही देता आलं नाही, की द्यायचं नव्हतं, देव जाणे. एवढे शिकलेले लोक, आणि अडलेल्या माणसाला दारात बघून आधी त्याची चप्पल बघतात.

मग हनीफभाईंची नोट आली. मागे कोंबडा ओरडत होता.

“काय रे भटक्या, मशीनला पाऊण कळत न्हाय. पुरा आकडा दिलास की ते पुराच आकडा देतं, उरलेला टाकून देतं. तीनला चारांनी भागून पुरा आकडा काय येनार? शून्यच ना? तीन नको लिहू, तीन पॉइंट शून्य लिही. बघ आता. आनि रडू नको, अमावास्या जवळ आली, मामाला होडी काढायची आसल.”

बदललं. चतुर्थीला तीन. पंचमीला पावणेचार.

 मामाने उठून माझ्यासाठी चहा सांगितला. आमच्या घरात यालाच पदवीदान म्हणतात.

पुढे सहा महिने ते मला शिकवत होते. स्क्रीनवर प्रोग्रामची खिडकी कशी उघडायची, बटण कुठे ठेवायचं. रोज शिव्या. “तुझं डोकं म्हंजे मोकाट बकरी, दिसलं गवत की चालली.”

मग तन्मयने नियम काढला. ओन्ली इंग्लिश, नो व्हॉइस नोट्स. हनीफभाईंनी तरी एका पोरीला मराठीत उत्तर दिलं. रिमूव्ह. सोबत ‘डिलीट ऑल’वर टिक. त्यांनी जे जे सांगितलं ते सगळं एका बोटाने साफ.

कारण लिहिलं, ‘स्पॅम’.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा, रुबीनाचा, मेसेज आला.

“दादा, अब्बा घरात फार बोलत नसत. ग्रुपवर खूप बोलायचे म्हणे. त्यांचा फोन बिघडला, त्यातून काही निघालं नाही. आमच्याकडे त्यांचा आवाजच नाही. तुमच्याकडे एखादी नोट असेल का? अम्मीला ऐकवायचीय.”

माझ्याकडे कुठून असणार? माझा फोन दर मोसमाला बदलतो. एक तर इथेच, ह्याच जेट्टीखाली आहे.

ग्रुपवर विचारलं. सगळ्यांनी रडका चेहरा टाकला. तन्मयला वेगळा मेसेज टाकला, दोन निळ्या टिका आल्या, बस्स.

हीच तुमची लायकी. मेणबत्ती फुकट मिळते ना!

मी रिकाम्या हाताने म्हसळ्याला चाललोय. अम्मीसमोर बसून काय बोलणार, माहीत नाही. त्यांच्या नोटांची नक्कल करून दाखवू? कोंबड्यासकट?

हनीफभाई, अल्ला तुम्हाला जन्नत देवो. तिथे भाषा कुठली विचारत नसतील. माझा सलाम घ्या.

फेरी लागतेय. पोस्ट करतो आणि

थांबा.

रांगेत एक एमएच बारा गाडी आलीय. काचा खाली. आत गॉगलवाला एकटाच. तन्मयच आहे तो.

आणि गाडीच्या स्पीकरवर हनीफभाई बोलतायत. मी कधीच न ऐकलेली नोट.

“तन्मय बेटा, पहिला जॉब गेला म्हनून काय झालं? रडून घे. मग लॅपटॉप उघड. मी हाय ना.”

त्याने मान बाहेर काढली आणि मलाच विचारलं, “दादा, म्हसळ्याला याच फेरीने जातात ना?”

हो म्हणालो.

मी कोण ते अजून सांगितलेलं नाही.