आक्कांचं हत्यार

दोन्ही हात पाठीमागे बांधून आक्का आमच्या खुर्चीमागे उभ्या राहत, पडद्यावरचा प्रोग्राम शेवटपर्यंत वाचत आणि विचारत, "चालला. आणि दुसऱ्या मशीनवर?" तुमच्याही एखाद्या शिक्षकांनी वर्षभर असा एकच प्रश्न विचारला असेल. आम्हाला हसू यायचं, कारण कॉलेजात सगळी मशीनं एकाच कंपनीची होती.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी उचगावहून सायकलने बेळगावला कॉम्प्युटरच्या डिप्लोमासाठी येत असे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आक्का लॅबच्या शिक्षिका. निपाणीच्या, विड्या वळणाऱ्या आईची मुलगी. प्रोग्राम लिहायचं आणि तो मशीनला समजेल असा करून द्यायचं एक साधन त्यांनी दोन वर्षं खपून तयार केलं होतं. त्याला त्या 'हत्यार' म्हणत. रविवारी उद्यमबागच्या कारखान्यांत जाऊन निरनिराळ्या कंपन्यांच्या मशीनवर ते बसवत. त्यात केलेला प्रोग्राम कुठेही चालायचा. कॉलेजातल्या मशीनच्या कंपनीचंही एक साधन होतं, पण त्यात केलेला फक्त त्याच कंपनीच्या मशीनवर.

एके दिवशी त्या कंपनीचे साहेब आले. हत्यार विकत घेणार आणि आक्कांना बंगळूरला नोकरी देणार होते. प्राचार्यांनी तोंड गोड करायला आधीच कुंदा मागवून ठेवला होता. हत्यार चालवून दाखवायला मला बोलावलं होतं.

आक्कांनी कराराचा कागद दोनदा वाचला. "दुसऱ्यांच्या मशीनवर चालू ठेवणार न्हवं?"

"नाही मॅडम. ते बंद करायलाच तर घेतोय," साहेब हसले.

"चालू ठेवू, एवढं लिहून द्या. पैसे कमी द्या हवं तर."

"असं कोण लिहून देतं?"

"माझ्या आईला पान व्यापारी द्यायचा, तंबाखू बी त्योच. विडी बरी का वाईट, ते बी त्योच ठरवायचा. पानं कापायची कात्री तेवढी आईची हुती. म्हणून एकानं लई छळलं की ती दुसऱ्याकडं जायाची. मी कात्री इकत न्हाय, साहेब."

"बाई, बंगळूर आहे. विचार करा," प्राचार्य म्हणाले.

"केला की, सर."

साहेबांनी कागद बॅगेत घातला. "पुढच्या वर्षी आमचं नवं साधन कॉलेजला फुकट देऊ. मग तुमचं कोण वापरील?"

"ठेवा की दोन्ही. पोरं निवडतील." मग प्राचार्यांकडे वळून, "कुंदा खावा, सर. त्याचं काय चुकलंय?"

आपल्यातलं माणूस असं शांतपणे 'नाही' म्हणू शकतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं सांगायला संकोच वाटतो. पुढच्या वर्षी कंपनीचं साधन आलं आणि पोरांनी तेच निवडलं. ते दिसायला छान होतं. मीही तेच घेतलं. आक्का रागावल्या नाहीत. ते साधन त्या स्वतः शिकल्या आणि आम्हाला शिकवलं.

माझा डिप्लोमा झाला आणि आक्कांची बदली रायचूरला झाली. मला उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात नोकरी लागली. तिथलं मशीन भलत्याच कंपनीचं. कॉलेजात केलेला माझा एकही प्रोग्राम त्यावर चालेना. नोकरी जाणार, या भीतीने मी हेडक्लार्कना सांगितलं.

"त्यात एक हाय बघ," ते म्हणाले. "निपाणीच्या बाई जायच्या आधी चार रविवार बसून घालून गेल्यात. पैसे घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, आमची पोरं येतील हितं."

मी ते सुरू केलं. कंपनीचं साधन उघडलं की आधी कंपनीचं नाव यायचं. इथे कुणाचंच नाव आलं नाही, आक्कांचंही नाही. पडद्यावर एक रिकामी ओळ होती. मी लिहायला लागलो.