साडेसोळा मिलिमीटरचं प्रकरण

विषय: वाचनालयावरची खोली छोट्या रेल्वेसाठी आमच्याकडे ठेवण्याबाबत.
संदर्भ: आमचा अर्ज, आणि त्यानंतरची आमची दशा.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, चार म्हातारे एका खोलीत आगगाडी मांडून बसले, की किस्से साचायला वेगळे प्रयत्न लागत नाहीत. टेबलावरची धूळ झटकली तरी दोन-चार निघतात.

मंडळ असं: वसमतचे गायकवाड सर, गणित शिकवून निवृत्त, चूक दिसली की त्यांचा हात अजून खडू शोधतो. रशीदभाई मोटार वायंडिंगवाले. मारोतराव आखाडा बाळापूरकडचे, शेळ्या-मेंढ्यांवाले. टेबलावरचे डोंगर आणि झाडं करायचं काम त्यांच्याकडे. मी निवृत्त कारकून, म्हणून अर्ज माझ्याकडे.

*

रशीदभाईंनी हैदराबादहून इंजिन आणलं, सरांनी पुण्याहून डबा मागवला. शेजारी ठेवले, तर डबा इंजिनाच्या कमरेला! इंजिन खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान, डबा एकशे साठ पट.

मारोतराव डब्याकडे बघत म्हणाले, "याला काय उपाशी ठेवलं व्हतं का?"

*

दुसरा डबा आणला. रुळावर चपखल बसला, पण इंजिनाशेजारी सुजल्यासारखा दिसे. तो शहात्तर पटीतला निघाला.

"पटरी तो बराबर है, फिर?" रशीदभाई वैतागले.

"रूळ मोजून गेज कळतो, स्केल नाही!" सर म्हणाले. "गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. स्केल म्हणजे गाडी खऱ्यापेक्षा किती पट लहान."

"म्हंजी शेळी आन् म्हैस एकाच वाटेनं गेल्या, म्हणून एका मापाच्या होत न्हाईत. हेच ना?"

सरांनी उभ्या नोकरीत कोणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते. त्या दिवशी दिले.

*

मिलिमीटरवर भांडणाऱ्या या मंडळानं टेबल खोलीतच जोडलं. दार मोजलं नाही!

टेबल दारातून निघत नाही हे कळेपर्यंत पूर्णा-वसमत-हिंगोली लाइन चिकटवून वाळली होती. त्यातच पत्र आलं: खोली रिकामी का करून घेऊ नये? साहेब पाहणीला येणार. खोली ज्या कार्यालयाची, त्याचं नाव लिहीत नाही. मी पेन्शनवर आहे.

रशीदभाईंनी करवत आणून कोपऱ्यात ठेवली. "लग गई तो?" एवढंच म्हणाले. कोपऱ्याकडे कोणी बघेना.

*

पाहणीच्या आदल्या दिवशी सरांनी भागाकार केला. तो करायची गरज नव्हती.

"आपली ब्रॉडगेज सोळाशे शहात्तर मिलिमीटर. भागिले सत्त्याऐंशी, सव्वाएकोणीस. आपला रूळ साडेसोळा! म्हणजे ही आपली लाइनच नाही."

"सर, हे उद्या बोलू नका," मी म्हणालो.

"विचारलं तर?"

"साहेब लोक असलं विचारत नाहीत."

मारोतराव हात जोडून म्हणाले, "सर, उद्याच्या दिवस तेवढं तोंड बंद ठिवा. पोटच्या लेकरासारखे डोंगर केलेत म्या."

सरांनी शब्द दिला.

*

साहेब आले. रशीदभाईंनी गाडी सोडली. वसमतच्या वळणावर शेवटचा डबा कलला, लटपटला... आणि सरळ झाला! गाडी हिंगोलीत पोचली. साहेब हसले, पेनाचं टोपण काढलं.

"वा! हुबेहूब आपली ब्रॉडगेज!"

सर खिडकीबाहेर बघत होते. हात खडू शोधू लागला. रशीदभाई खोकले. मारोतरावांनी सरांच्या पायावर पाय दिला.

"हुबेहूब नाही," सर म्हणाले. "पावणेतीन मिलिमीटर कमी आहे."

पेन थांबलं. साहेबांनी फूटपट्टी मागवली. वाकून स्वतः मोजलं. मग कोपऱ्यातल्या करवतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि बराच वेळ लिहीत राहिले.

शेरा असा: "सदर मार्गाचे गेज परिवर्तन पूर्ण झाल्यावर प्रस्ताव फेरसादर करावा. तोपर्यंत रूळ जागेवरून हलवू नयेत."

रशीदभाई करवत घरी घेऊन गेले. अर्ज प्रलंबित आहे.