ठाकुर्लीच्या चाळीतलं व्हिएतनाम

तमाम ठाणेकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मी व्हिएतनामला जाऊन आले. व्हिसा लागला नाही. टेंभी नाक्यावरून ठाकुर्लीपर्यंत रिक्षा आणि तिथून पुढे, चाळीच्या अंगणात ताणून बांधलेल्या पांढऱ्या पडद्यातून थेट त्या देशात. सोबत पर्स, शाल आणि स्वतःचा माईक. बारशांपासून स्नेहसंमेलनांपर्यंत निवेदन करणारी बाई आहे मी. दुसऱ्याच्या माईकवर माझा भरवसा नाही.

निमंत्रण मावसभाऊ सतीशचं. शालूमावशीची चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा आहे आणि सतीश चाळीच्या पुनर्विकास समितीचा सेक्रेटरी. चाळीत दरवर्षी सत्यनारायणाच्या पूजेनंतर पडद्यावर सिनेमा लावायची पद्धत. यंदाची पूजा शेवटची. सगळ्यांनी संमती दिली होती. अडून बसली होती ती एकटी शालूमावशी, म्हणजे सतीशची सख्खी आई. तिची खोली तळमजल्यावर, रस्त्याला लागून. पुढच्या खिडकीतून ती कामावर जाणाऱ्यांना घावन (तांदळाच्या पिठाचं जाळीदार धिरडं) विकते. नवरा गेल्यावर त्याच खिडकीने सतीशला इंजिनियर केलं. तिला नव्या इमारतीत तळमजल्यावर एक गाळा हवा होता. मिळत होता अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट.

"गाळ्याचं नंतर बघू," सतीश फोनवर म्हणाला. "आधी तिला जग दाखवू. मी कंपनीच्या टूरवर व्हिएतनामला गेलेलो ना, काय टॉवर आहेत अगं तिकडे. तिकडचाच एक पिक्चर मिळालाय. खाली इंग्लिश येतं, ते तू मराठीत सांग."

"तू पाहिलास?"

"पोस्टर पाहिलं. टॉवरच टॉवर."

दुपारी निघाले. कळवा, मुंब्रा, शिळफाटा. पुढे रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब आणि दोन्ही अंगांना इमारती, एकीचं नाव इटलीतलं तर दुसरीचं स्पेनमधलं. परदेशाची सुरुवात अशी शिळफाट्यापासूनच झाली. रिक्षावाले काका काटईच्या बाजूचे. एका उंच इमारतीकडे हनुवटी उडवून म्हणाले, "यो टावर हाय ना, तिथं आमचं शेत व्हतं."

"मग तिथे फ्लॅट घेतलात की नाही?"

"रिक्षा घेतली," ते म्हणाले आणि एका खड्ड्यात अशी घातली की माझ्या माईकचं झाकण उडून रस्त्यावर गेलं. उरलेला प्रवास मी बॅटरी अंगठ्याने दाबून धरली.

मावशीने चहा दिला, माईकला रबरबँड दिला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मला घालवायला पिक्चर आणलाय म्हणे."

"मी फक्त वाचणार आहे, मावशी."

"वाच. मी इथूनच बघते." तिचा अंगणाकडचा दरवाजा पडद्याच्या मागच्या बाजूला येत होता. तिथून चित्र दिसतं, पण डाव्याचं उजवं होऊन.

"अगं, अक्षरं उलटी दिसतील."

"सुलटी असती तर मला इंग्रजी येणार होतं होय?"

अंधार पडताच चाळीतल्या कांबळेकाकांनी प्रोजेक्टर लावला. शिऱ्याचे द्रोण हातात घेऊन चाळ बसली आणि मी व्हिएतनाममध्ये शिरले. एका चौकात तीन माणसांची आयुष्यं. एक बाई फूटपाथवर फो (नूडल्सचं सूप) विकते. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक म्हातारा रोज तिच्याकडे जेवतो. आणि बाईची मुलगी समोरच्या नव्या टॉवरमध्ये, काचेमागच्या स्वागतकक्षात कामाला लागते.

पहिल्याच दृश्यात बाईने पातेल्यात ही मोठाली हाडं टाकली. पूजेचा दिवस, पुढच्या रांगेत गुरुजी. मी माईकवर सांगून टाकलं, "आणि बाईंनी दुधीचे तुकडे घातले." गुरुजींनी मान डोलावली. चाळ माझ्या खिशात होती. भाव करणारी गिऱ्हाइकं मी घासाघीस करणाऱ्या आवाजात वठवली, म्हाताऱ्याला खोकला दिला, पोरं हसून लोळली. पडद्यामागून मावशीचं हसूही ऐकू येत होतं.

मग टॉवरवाल्यांनी म्हाताऱ्याला काम दिलं. त्याने सुंदर वळणदार अक्षरांत पाटी रंगवली आणि मी वाचली: "फेरीवाल्यांना मनाई." हसू थांबलं. ती पाटी त्याच्याच जेवणाच्या जागेवर लागणार होती, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

सतीश उठला आणि माझ्या हातातून माईक घेतला. "ताईचा घसा बसलाय," म्हणाला. माझा घसा आयुष्यात बसलेला नाही.

पुढचं व्हिएतनाम सतीशने सांगितलं. पडद्यावर वॉचमन बाईचं पातेलं उचलून फाटकाबाहेर ठेवत होता आणि सतीश सांगत होता, "आता तिचं सामान नव्या जागेत नेतायत." बाई फाटकाबाहेर उभी होती आणि सतीश सांगत होता, "मुलीने साहेबांना सांगून आईला टॉवरमध्ये दुकान मिळवून दिलं." काचेमागे मुलगी दिसली, आणि त्याच वेळी पडद्यामागून मावशी काहीतरी बोलली. एकच वाक्य, प्रश्नार्थक. सतीशने माईक खाली घेतला. उरलेला सिनेमा कोणीच मराठीत सांगितला नाही. सगळ्यांनी तो नीट पाहिला.

सकाळी मावशीने संमतीवर सही केली. मी हात धरला तर म्हणाली, "सगळी चाळ माझ्यासाठी खोळंबलीये गं. आणि पोरगा माझाच आहे." गाळ्याचं नाव तिने काढलं नाही. सतीशनेही काढलं नाही. मावशीने मला वाटेत खायला चार घावन बांधून दिले, मऊ आणि जाळीदार.

परतीच्या रस्त्याला तेच खांब, तीच इटली, तेच स्पेन. मी रंगवून सांगणारी बाई. हाडांचा दुधी करण्यात मला मजा वाटते, अजूनही वाटते. पण फाटकाबाहेर काढलेल्या बाईला खोटं दुकान माझ्याच माईकवरून मिळालं, आणि ते ज्याने दिलं तो स्वतःच्या आईच्या खिडकीवर शिकला. घावनांची पुडी मी टेंभी नाक्यापर्यंत सोडली नाही. कानात मावशीचा आवाज होता. माईकशिवाय, पडद्याच्या मागून, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ती म्हणाली होती:

"आईला दुकान मिळालं, तर पोरगी मान खाली घालून का बसलीये रे, सतीश?"