मोऱ्याने अडवलेली तार

भूत, करणी, नजर... यातलं काहीही मी मानत नाही, आजही नाही. नेरला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मोटार कशाने जळाली ते मी वासावरून सांगतो. त्यामुळे बोरी अरबच्या गजाननचा फोन आला, तेव्हा मला हसूच आलं.

त्याच्या शेतावरून विजेच्या टॉवरची नवी लाइन गेली होती. ती चालू झाल्यापासून त्याचा मोऱ्या बैल फाटकापाशी यायचा आणि जागेवरच बसायचा. जोडीचा लाल्या मात्र खुशाल आत जायचा. गळ्यात बिब्बा बांधून झाला, नजर उतरवून झाली.

"रफिकभाई, पोळ्याच्या आधी इकून टाकतो याले," मी बघायला गेलो तेव्हा गजानन म्हणाला. बोलताना हात मात्र मोऱ्याच्या पाठीवरच होता. घरच्या गाईचं वासरू होतं ते.

"कायले विकतो? बैल शहाणा आहे, कुंपण खराब आहे," मी म्हणालो. लाइनखालच्या कुंपणाच्या लांब तारेत करंट उतरतो आणि मोऱ्याच्या खुरांना लोखंडी नाल, लाल्याला नाही. माझा हिशोब साफ होता. कुंपणाला अर्थिंग दिलं की काम फत्ते!

दुरुस्तीसाठी लाइन बंद राहणार होती, त्याच दिवशी मी कामाला परत गेलो. लाइनमन ओळखीचा. पाचपर्यंत बंद, असं त्याने सांगितलं होतं. सकाळपासून मोऱ्या त्याच फाटकातून चार वेळा आत-बाहेर गेला. मी गजाननकडे पाहून मिशीत हसलो.

साडेतीनच्या सुमारास मी कुंपणाच्या तारेला हात घालणार होतो. काळ्या मातीच्या चिखलात चपला रुतत होत्या, म्हणून काढून ठेवल्या होत्या. तेवढ्यात बाभळीला बांधलेला मोऱ्या दावं तोडून आला आणि डोक्याने ढकलून त्याने मला सरळ चिखलात पाडलं. मग तारेसमोर आडवा उभा राहिला.

"पागल झाला हा! उद्याच नेतो बाजारात," गजानन ओरडला. आवाज रडका होता.

मलाही राग आला होता. उठलो, चिखल पुसला, त्याच्या बाजूने हात घालून तारेला टेस्टर लावला. काहीच नाही. "पाह्य, मेलेली तार आहे. तुझ्या बैलाले उगाच..."

बोलता बोलता टेस्टर पेटला. वर लाइन घूं करू लागली.

लगेच लाइनमनचा फोन आला. "भाई, काम लवकर आटोपलं. आत्ताच लाइन चालू केली. दूर आहात ना?"

मी खालीच बसलो.

चालू लाइन बैलाला जाणवते, हे मी पैजेवर सांगेन. पण बंद लाइन चालू होणार, हे आधी कसं जाणवलं? दोन इंजिनियरांना विचारलं. दोघांनीही हवामानाचं काहीतरी सांगितलं.

बाजार राहिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी गजाननने मोऱ्याचा खांदा शेकला, हळद-तूप लावलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं रीतीप्रमाणे मोऱ्याच्या कानात म्हणाला आणि वाटी माझ्याकडे सरकवली. मीही बोटं बुडवली.

अर्थिंग दिलंय, मोऱ्या आता अडत नाही. टेस्टर अजून माझ्या खिशात असतो. पण त्या कुंपणाचं काम निघालं, की मी आधी मोऱ्याला सोडायला सांगतो.